पिशवीतली बाटली आणि कॅनमधलं पाणी

बार्शीत घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. जूनमध्ये ॲडमिशनची गर्दी आणि लाइट जाण्याची वेळ एकच, त्यामुळे सगळी भिस्त इन्व्हर्टरवर. 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी पंधरा हजारांना घेतली होती, वॉरंटी 36 महिन्यांची. ती चौदाव्या महिन्यात गेली. चाळीस रुपये वाचवायला गेलो आणि मीच घालवली.

झालं असं. बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन 120 रुपयांना. एक पोरगा मोटारसायकलला कॅन बांधून दारोदार 80ला देत फिरत होता. मी शंका काढणार हे त्यानं आधीच ओळखलं. "काका, माझ्यावर विश्वास ठेवूच नका, डोळ्यांनी बघा," असं म्हणून दोन ग्लास मागितले. एकात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या पिशवीतल्या छोट्या बाटलीतलं. पेनासारखं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, बुडवलं. बोअर 940, त्याचं 2. मग चार सळ्यांचं एक यंत्र प्लगला लावून दोन्ही ग्लासांत सोडलं. मिनिटभरात बोअरच्या पाण्यात हिरवट-तांबूस गाळ, दुसरं पाणी जसंच्या तसं. बायको दारातूनच म्हणाली, "अगं बाई, हे आपण पितो?" झालं, कॅन घेतला.

तो गाळ पाण्यातला नव्हताच. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि सळ्यांचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. घरोघरी फिल्टर खपवणारेही हाच खेळ करतात. पण खरी मेख वेगळीच होती. मीटर बुडालं ते पिशवीतल्या बाटलीच्या पाण्यात. मी पैसे मोजले त्या कॅनचं बूच कुणी उघडलंच नाही.

चार्जिंग होताना बॅटरीतलं पाणी हायड्रोजन-ऑक्सिजन होऊन उडून जातं, ॲसिड तसंच राहतं. म्हणून वरून घालायचं ते फक्त पाणी. त्यात क्लोराइड असलं तर प्लेटा गंजतात, लोखंड असलं तर बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरते. आणि दर टॉप-अपला हा क्षार साठतच जातो, कारण उडून जातं ते पाणीच. वर्षभर मी दर दोन-तीन महिन्यांनी निष्ठेनं ते पाणी घालत होतो. बॅकअप चार तासांवरून पाऊण तासावर आला तेव्हा कंपनीचा माणूस आला. त्यानं काचेच्या नळीनं एकेका सेलचं पाणी ओढलं, उजेडात धरलं आणि विचारलं, "पाणी कुठलं घालता?" कॅन पुढे केला. त्याच्या मीटरवर 412. वॉरंटी तिथंच संपली. पोराकडून बिल घेतलेलं नव्हतं, त्यामुळे तक्रारही लंगडी.

एक सांगून ठेवतो. दुकानात डिस्टिल्ड म्हणून मिळणारं बरंचसं पाणी उकळून वाफेचं केलेलं नसतं, रेझिनमधून क्षार काढलेलं डीएम वॉटर असतं. ती फसवणूक नव्हे, बॅटरीला ते चालतं. आरओचं मात्र नाही, आमच्या आरओचं मीटरवर 70 भरतं.

त्यानंतर रागारागात मी घरीच पाणी काढायला लागलो. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात तिवई, तिच्यावर वाटी, आणि वर घुमटाचं झाकण उलटं, मूठ बरोबर वाटीवर येईल असं. झाकणात बर्फ. वाफ झाकणाला लागते, मुठीवरून टपटप वाटीत पडते. पहिल्या दहा मिनिटांचं पाणी फेकतो आणि तळाचं पाव पातेलं कधीच आटवत नाही. तासाभरात अर्धा-पाऊण लिटर निघतं, मीटर 3 दाखवतं. तळाला राहतो तो पांढरा थर बघून बोटानं खरवडला, भिंतीच्या चुन्यासारखा निघाला. लिटरमागे शंभर-सव्वाशे ग्रॅम गॅस जातो, म्हणजे बर्फ धरून दुकानाच्या कॅनपेक्षा फार स्वस्त पडत नाही, आणि बायकोची बोलणी वेगळी. कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी लावायचा उद्योग मात्र करू नका. नळी तुंबली तर कुकरचा बॉम्ब होतो.

मीटर अडीचशेला मिळतं. ते घेतल्यावर महिन्याभरात तोच पोरगा पुन्हा आला. पिशवीतली बाटली काढून टेबलावर ठेवली, ग्लास मागितले. मी म्हटलं, आधी कॅन उघड. माझ्या पेनवर 388. "काका, तुमच्या मीटरचा सेल उतरलाय," म्हणत त्यानं कॅन उचलला आणि किक मारली. घाईत बाटली टेबलावरच राहिली. ती मोजली तर 2 भरली. नव्या बॅटरीच्या तिसऱ्या सेलमध्ये घातली.