टूसॉन की टेंपी?

अ‍ॅरिझोनात शिकायला जायचं, तर ही दोन वाळवंटी शहरं समोर येतात. दोन्हीकडच्या विद्यापीठांची स्थापना १८८५ची, उन्हाळा दोन्हीकडे भाजून काढणारा. पण टूसॉन सुमारे ७३० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे रात्री जरा सुसह्य. शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला सग्वारो राष्ट्रीय उद्यान. लेमन पर्वतावर चढलं की थेट पाइनचं जंगल. आणि खगोलशास्त्र! विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखाली महाकाय दुर्बिणींचे आरसे घडतात. आकाश काळं राहावं म्हणून शहरातल्या दिव्यांवरही बंधनं आहेत. याला तोड नाही.

टेंपी फीनिक्सला चिकटलेलं: विमानतळ जवळ, लाइट रेल, नोकऱ्यांची संधी जास्त. गाडी नसेल तर टेंपी सोयीचं. दुर्बिणींची ओढ असेल, तर मात्र टूसॉनच घ्या.