डेटारॅपर : ॲनिमेशनपटांचे मानांकन आणि गल्ला एकाच आलेखावर

ॲनिमेशनपटांना मिळालेले गुण आणि त्यांनी तिकीटबारीवर जमवलेला गल्ला यांचा परस्परांशी मेळ बसतो का, हे स्वतः आकडे मांडून पाहण्याची इच्छा असलेल्या प्रत्येकाला मी बर्लिनच्या ‘डेटारॅपर’ या सेवेची शिफारस करीन. ती ब्राउझरमध्येच चालते आणि तिच्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. तक्ता पेस्ट करायचा, रकाने तपासायचे, आलेखाचा प्रकार निवडून तो सजवायचा आणि प्रसिद्ध करायचा, एवढ्या चार पायऱ्यांत काम होते. वृत्तपत्रांच्या गरजा डोळ्यांपुढे ठेवून घडवलेल्या या साधनाला एक शिस्त आहे. त्यात त्रिमिती खांबांसारखे वाचकाची दिशाभूल करणारे प्रकार मुळात ठेवलेलेच नाहीत.

या कामासाठी त्यातला ‘स्कॅटर प्लॉट’ निवडावा. त्यात प्रत्येक चित्रपटाचा एक ठिपका होतो आणि आडव्या अक्षावर कमाई, तर उभ्या अक्षावर मानांकन येते. अडचण उभी राहते ती कमाईच्या प्रचंड तफावतीमुळे. २०२५ च्या ‘नेझा २’ या चिनी चित्रपटाने २०० कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला, तर १९९९ च्या ‘द आयर्न जायंट’ची जगभरातील कमाई सुमारे ३ कोटी डॉलर होती. आपल्याकडे २०२५ मध्ये ३०० कोटी रुपयांपलीकडे गेलेला ‘महावतार नरसिंह’सुद्धा डॉलरांत मोजला तर ‘आयर्न जायंट’च्या शेजारीच बसतो. साध्या मापपट्टीवर असे सगळे चित्रपट डाव्या कडेला एकमेकांवर चढतात. डेटारॅपरमध्ये अक्षाची मापपट्टी ‘लॉग’ करण्याची सोय आहे. ती निवडताच १, १० आणि १०० कोटी डॉलर या खुणा समान अंतरावर येतात आणि डावीकडची गर्दी मोकळी होते. अर्थात, या मापपट्टीवर दोन ठिपक्यांमधले अंतर म्हणजे कमाईतला फरक नसून पट असते. ही मापपट्टी वापरणाऱ्याने वाचकासाठी तशी एक ओळ आलेखाखाली जरूर लिहावी.

मला सर्वांत मोलाची वाटते ती स्वतःच्या संदर्भरेषा काढण्याची सोय. समीक्षकांची मते एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर ६० टक्के समीक्षकांची पसंती मिळाली की चित्रपट ‘फ्रेश’ ठरतो, म्हणून मी ६० वर एक आडवी आणि १०० कोटी डॉलरांवर एक उभी रेषा काढते. मग उजव्या खालच्या चौकटीत उरलेल्या ठिपक्यांपैकी तीन ठळकपणे दिसतात: ५५ टक्क्यांचा ‘मिनियन्स’ (२०१५), पन्नाशीच्या थोडा वर असलेला २०१९ चा ‘द लायन किंग’ आणि ५९ टक्क्यांचा ‘द सुपर मारियो ब्रदर्स मूव्ही’ (२०२३). या तिघांची कमाई अनुक्रमे सुमारे ११६, १६६ आणि १३६ कोटी डॉलर आहे. आता उभ्या अक्षासाठी समीक्षकांऐवजी प्रेक्षकांच्या गुणांचा रकाना निवडावा. मारियोचा ठिपका क्षणात रेषेखालून उठून ९५ टक्क्यांच्या आसपास जातो. चित्रपट तोच, गल्ला तोच, तरी आलेखातून निघणारा निष्कर्ष पार उलटतो. त्यामुळे नुसते ‘रेटिंग’ असे शीर्षक अक्षाला देणे मला गैर वाटते, कारण रॉटन टोमॅटोजची टक्केवारी म्हणजे अनुकूल मत देणाऱ्यांचे प्रमाण असते, तर आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळाचा आकडा ही प्रेक्षकांनी दिलेल्या गुणांची भारित सरासरी, म्हणजे सगळ्या मतांना सारखेच वजन न देणारी सरासरी असते.

ठिपक्याचा आकार निर्मितिखर्चाशी जोडता येतो आणि त्यामुळे आलेखात आणखी एक माहिती सहज सामावते. सुमारे २० कोटी डॉलर खर्चाचा ‘इनसाइड आउट २’ आणि त्याच्या निम्म्या खर्चात झालेला मारियो यांतला फरक लगेच नजरेत भरतो.

मात्र तक्त्यात जे भरले आहे त्याची शहानिशा हे साधन करत नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. १९९४ च्या ‘द लायन किंग’साठी पहिल्या प्रदर्शनाची सुमारे ७६ कोटी डॉलरांची कमाई घ्यायची की पुनःप्रदर्शनांसह ९६ कोटींच्या वरची, हे आपणच ठरवायचे असते. डॉलरची घटलेली किंमत हिशेबात धरायची असेल, तर ते गणितही आधी करून आणावे लागते. ‘क्लाउस’ (२०१९) नेटफ्लिक्सचा असल्याने कमाईचा रकाना रिकामा राहतो आणि परिणामी तो ठिपका आलेखात उमटतच नाही. अशा गाळलेल्या चित्रपटांची नावे टिपेत द्यावीत, नाहीतर नावाजलेले चित्रपट वाचकाच्या नकळत तुलनेतून बाहेर पडतात. चित्रपटाची वाटचालही एका ठिपक्यात मावत नाही. ‘एलिमेंटल’ने (२०२३) अमेरिकेत पहिल्या शनिवार-रविवारी ३ कोटी डॉलरसुद्धा कमावले नव्हते, पण पुढे तो जगभरात जवळजवळ ५० कोटींपर्यंत पोहोचला. ही चिवट वाटचाल दाखवायची असेल, तर आठवडावार कमाईचा रेषालेख वेगळा काढावा.

संकेतस्थळाची भाषा मराठी नाही, तरी शीर्षक, टिपा आणि ठिपक्यावर कर्सर नेल्यावर उघडणारी चौकट यांत देवनागरी मजकूर व्यवस्थित बसतो. रंगांधळ्या वाचकांना आलेख कसा दिसेल हे तपासण्याची सोयही आहे. यशस्वी चित्रपट हिरवे आणि पडलेले लाल असे रंगवण्याची सवय असलेल्यांनी ती आवर्जून वापरावी. विनामूल्य योजनेत हवे तितके आलेख काढता येतात आणि पीएनजी चित्रही मिळते. त्यावर डेटारॅपरचे नाव छापले जाते, पण अभ्यासकाची वा हौशी लेखकाची त्याने काही अडचण होत नाही. छपाईसाठी पीडीएफ किंवा एसव्हीजी हवे असेल, तर पैसे मोजावे लागतात. आलेखाखाली स्रोत लिहिण्याची स्वतंत्र जागा आहे. तिथे स्रोतासोबत आकडे घेतल्याची तारीखही घालावी, कारण नवी परीक्षणे येत राहतात तशी टक्केवारी प्रदर्शनानंतरही सरकत असते.