जुन्या ट्रकचे डीआरएल आणि इंडिकेटर: टेस्ट लॅम्प की मल्टीमीटर?

इंडिकेटर टाकला की डीआरएल (दिवसा चालू राहणारा पुढचा दिवा) पण सोबत मिणमिणतो, असं होत असेल तर आधी अर्थिंगच, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे जाणारी जोडणीच बघा, कारण दोन फिलामेंटच्या बल्बमध्ये अर्थ एकच असतो आणि तो गंजला की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून वाट काढतो.

आता हे शोधायला मल्टीमीटर (व्होल्ट वगैरे मोजायचं मीटर) लावला तर तो बऱ्याचदा फसवतो. वायरचा जॉइंट गंजून खराब झाला असला तरी बल्ब काढलेल्या होल्डरवर तो आरामात बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण तो स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. साधा बल्बवाला टेस्ट लॅम्प (क्लिप आणि टोचणी लावलेला छोटा बल्ब) मात्र लोड टाकतो, म्हणजे स्वतः करंट खेचतो, म्हणून तिथे मंद पेटतो आणि लगेच कळतं. फ्यूज, होल्डर, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) बघायला मला तोच आवडतो, झटपट काम होतं.

पण अर्थ किती खराब आहे हे मल्टीमीटरच सांगणार. लाईट चालू ठेवून एक प्रोब बल्बच्या अर्थवर, दुसरा बॅटरीच्या मायनसवर, अर्ध्या व्होल्टच्या वर रीडिंग आलं तर जॉइंट घासून साफ करा. आणि गाडीच्या कंप्युटरच्या वायरींना बल्बवाला टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका, तिथे मीटरच.

एकच घ्यायचा तर आधी टेस्ट लॅम्प घ्या.