जुनी आगगाडी घ्यायची तर: एन की डबल ओ?

मला छोट्या मॉडेल आगगाड्यांचा छंद आहे. त्यांत एन हे लहान माप (गेज), डबल ओ हे त्याहून मोठं. घर लहान असेल तर एन गेज घ्या, हा सल्ला इथे इंग्लंडात भेटेल तो देतो. मलाही मिळाला. लेस्टरच्या आमच्या घरातली सर्वांत छोटी खोली, त्यात मुलीचं अभ्यासाचं टेबल, उरली ती जागा माझी. पहिली दोन वर्षं एन केलं, गेली सहा वर्षं डबल ओ करतोय. दोन्हींत सगळा माल जुनाच. नव्या इंजिनाची किंमत घरात मोठ्याने सांगण्यासारखी नसते.

जागेचा हिशेब एनच्याच बाजूचा आहे, त्यात वाद नाही. चार बाय दोन फुटांच्या फळीवर दुहेरी मार्ग, स्टेशन आणि आठ डब्यांची गाडी दिमाखात फिरते. डबल ओचं तेवढ्यात साधं वर्तुळही बसत नाही. सहा बाय चारची फळी लागते, आणि त्यावरही गाडी जरा लांबली की इंजिन स्वतःच्याच शेपटाच्या मागे लागल्यासारखं दिसतं. शिवाय डबल ओचा मापातच घोळ: गाडी 1:76 ची, त्या हिशेबाने रुळांत 18.83 मिमी अंतर हवं, असतं 16.5. ब्रॉडगेज बघत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना ती थोडी नेरळ-माथेरानच्या अरुंद रुळांवर उभी वाटते. आठवड्याभरात सवय होते.

मग बदललं कशाला? बोटामुळे.

एनचं इंजिन हलकं. चाकं रुळावर पुरेशी दाबली जात नाहीत, त्यामुळे धुळीचा कण आला की वीज तुटते आणि गाडी जागच्या जागी उभी. नव्या इंजिनांचं एवढं होत नसेलही. माझी सगळी कोणाच्या तरी गालिच्यावर जन्म काढून आलेली. एका शंटरच्या (डबे हलवणाऱ्या छोट्या इंजिनाच्या) आसाभोवती केसांचा पीळ बसला होता, तो सुईने सोडवायला एक रविवार गेला. त्या दिवाळीत फराळाला मंडळी आली, पोरं फळीभोवती गुडघ्यांवर बसली. गाडी निघाली, पहिल्या सांध्यावर थांबली. मी बोटाने ढकलली. पुढच्या सांध्यावर पुन्हा थांबली. पुन्हा बोट. तिसऱ्या खेपेला सगळ्यांत धाकटा म्हणाला, "काका, ही हातानेच चालवायची असते का?"

पुढच्याच महिन्यात एका टॉय फेअरमध्ये 15 पौंडांत हॉर्नबी या ब्रिटिश मॉडेल कंपनीचं एक टँक इंजिन (पाणी-कोळसा स्वतःवरच वाहणाऱ्या इंजिनाची प्रतिकृती) घेतलं. धुराडं तुटलेलं, पण हाताला चांगलं जड. खिशात 9 व्होल्टची बॅटरी होती, ती इंजिन उलटं धरून चाकांना लावली. आधी काहीच नाही. मग घुर्र झालं, चाकं फिरली आणि जळक्या तेलाचा वास आला. घरी जुन्या टूथब्रशने साफ केलं, मोटारीचे कार्बन ब्रश बदलले, संपलं. हे सगळं भिंगाशिवाय जमतं, आणि पन्नाशीनंतर मला तरी हा मुद्दा रुळांच्या अंतरापेक्षा मोठा वाटतो. सांध्यांवर ते अजून अडलेलं नाही. निदान पाहुण्यांसमोर तरी.

डबल ओचा जुना माल इथे इतका आहे की घासाघीस चालते. वाघिणी दोन-तीन पौंडांना खोक्यांत पडलेल्या असतात. एनवाले, माझ्या अनुभवात, भाव सोडत नाहीत. रूळ घेताना मात्र चुंबक लावून बघा: चिकटला तर पोलाद, म्हणजे गंज आलाच, निकेल सिल्व्हर या मिश्रधातूला चिकटत नाही. आणि कंट्रोलर (रुळांना वीज देऊन वेग ठरवणारा डबा) तेवढा नवा घ्या, जुन्याची वायर पिचलेली असू शकते.

लांबलचक गाड्यांचीच हौस असेल आणि रोज रूळ पुसायचा कंटाळा नसेल, तर एन घ्यायला माझी ना नाही. माझाच एनचा खोका माळ्यावर पडून आहे, लेस्टरकडे आलात तर स्वस्तात देईन. येताना चुंबक आणि बॅटरी घेऊन या.