जुना पेंटॅक्स के १००० घेताय?

लग्नाचे फोटो डिजिटलवर गेले आणि १९७६ ते १९९७ पर्यंत बनलेला हा रोलचा कॅमेरा तालुक्याच्या स्टुडिओंत कपाटात जाऊन बसला. शिकायला आजही अव्वल!

घेताना आधी मागचं झाकण उघडा. काठाच्या खाचेतला काळा फोम डांबरासारखा बोटाला चिकटला, तर आत उजेड शिरतो आणि निगेटिव्हवर पट्टे उमटतात. खाच साफ करून काळी लोकर भरली की भागतं. लेन्समध्ये जाळ्यासारखी बुरशी दिसली तर मात्र सरळ नको म्हणा.

शटर पूर्ण यांत्रिक आहे. एलआर ४४ सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागतो. मीटरला बंद करायचं बटण नाही, म्हणून सेल उतरू नये यासाठी लेन्सवर टोपी हवीच. फ्लॅशला शटरचा वेग १/६० सेकंद ठेवा. रोल पुढे सरकवायची लिव्हर ओढताना डावीकडची घुंडी फिरत नसेल, तर रोल आत नीट गुंतलेलाच नाही.

खरी अडचण आपल्या उन्हाची. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेल्या रोलचे रंग बिघडतात. ब्लॅक अँड व्हाइट रोल धुवायला साधारण २० अंशांचं पाणी लागतं, नळाला येतं तिशीपारचं. माठातलं घ्या, थर्मामीटर बुडवा, जेवढं गरम तेवढा डेव्हलपरचा (चित्र उमटवणाऱ्या रसायनाचा) वेळ त्याच्या तक्त्याप्रमाणे कमी करा.