सांबा की एनएफएस?
लिनक्स सर्व्हरवरच्या फायली विंडोजवर रखडत उघडतात? सांबा आणि एनएफएस, दोन्ही नेटवर्कवरून फायली वाटून देणारे. त्यावर ‘सांबा सोडा, एनएफएस लावा’ हा सल्ला हमखास मिळतो. आधी आयपर्फ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामने नुसती नेटवर्कची लाइन मोजा. गिगाबिटवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा येत नसेल, तर संशय केबल, स्विच किंवा कार्डावर घ्या. तिथे दोन्ही सारखेच रडणार.

लाइन ठीक असेल तर माझं मत सांबाला. विंडोज मुळातच एसएमबी बोलतं, म्हणजे फायली वाटायची सांबाचीच भाषा. जुन्या लेखांतून उचललेली ‘सॉकेट ऑप्शन्स’ची ओळ सांबाच्या सेटिंगमधून आधी काढा, तिच्यातले ठरावीक बफर (डेटा तात्पुरता ठेवायची जागा) लिनक्सला स्वतःहून बफर वाढवू देत नाहीत. एकाच फोल्डरात हजारो फायली असतील तर गोम वेगळीच. विंडोजला कॅपिटल-स्मॉल अक्षरं सारखीच, लिनक्सला नाहीत. म्हणून नसलेलं नाव शोधताना सांबा अख्खं फोल्डर चाळतो. सगळी नावं स्मॉलमध्ये करून, सांबालाही नावं स्मॉलमध्येच ठेवायला सांगून ‘केस सेन्सिटिव्ह’ चालू केलं की ही चाळणी थांबते.

एनएफएस लिनक्स-लिनक्समध्ये झकास. विंडोजचा एनएफएस क्लायंट मात्र एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंतच, विंडोज होममध्ये तर नाहीच. वर यूआयडी, म्हणजे लिनक्समधले वापरकर्त्यांचे क्रमांक, जुळवत बसा!