जुनी व्हिंटेज पोर्ट घ्यावी की २० वर्षांची टॉनी?

पोर्ट म्हणजे पोर्तुगालची गोड, कडक वाइन, आणि व्हिंटेज व टॉनी हे तिचे दोन प्रकार. आधी एकच सांगा, बाटली उघडाल तेव्हा टेबलावर किती माणसं असणार आहेत? सहा-आठ जण असतील आणि जेवण झाल्यावरही लगेच न उठता निवांत गप्पा मारत बसणारे असतील तर व्हिंटेजचा विचार करा. एकटे किंवा दोघंच असाल आणि रोज रात्री थोडी थोडी घ्यायची असेल तर डोळे झाकून टॉनी घ्या. बहुतेक लोक किंमत बघतात, वर्ष बघतात, कुणीतरी म्हणालं म्हणून १९९४ ची शोधत बसतात, आणि एवढी साधी गोष्ट विचारात घेत नाहीत, मग अर्धी बाटली तशीच पडून राहते आणि चार दिवसांत तिचा जीव जातो. मला ते बघवत नाही.

दोन्ही पोर्टच, दोन्ही पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातल्या, त्याच उतारावरच्या तुरिगा नासिओनाल, तुरिगा फ्रांका, तिंता रोरिश वगैरे द्राक्षांच्या. पद्धतही तीच, रस आंबत असताना अर्ध्यातच त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात, यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. इथपर्यंत सगळं सारखं. फरक पडतो तो म्हातारपण कुठे काढलं त्यावर. व्हिंटेज एकाच वर्षाच्या पिकाची, तीही सगळ्या वर्षी नाही, कंपनीला वाटलं की पीक खरंच तोडीचं आहे तरच त्या वर्षाची व्हिंटेज जाहीर करतात (१९६३, १९७७, १९९४, २०११ ही त्यातली गाजलेली वर्षं), आणि दोन-तीन वर्षांतच न गाळता बाटलीत भरतात. पुढची वीस-तीस-चाळीस वर्षं ती काचेत, अंधारात, जवळपास हवेशिवाय काढते. टॉनीचं उलटं. ती ५५० लिटरच्या आसपासच्या लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं पडून असते, बऱ्याचदा पोर्तो शहरासमोर नदीपलीकडे विला नोव्हा दे गायाच्या गोदामांत, लाकडातून थोडी थोडी हवा आत जाते, थोडी थोडी वाइन उडून जाते, आणि जी उरते ती घट्ट होत जाते.

म्हणून ग्लासात बघितलं की लगेच कळतं. तीस वर्षांच्या व्हिंटेजचा मधला भाग अजून लाल असतो, कडेला विटकरी, वास काळ्या मनुकांचा, सुक्या अंजिराचा, जुन्या चामड्याचा, थोडा चॉकलेटचा, आणि जिभेवर अजून पकड असते. टॉनीचा लाल रंग केव्हाच गेलेला असतो, मधाकडे झुकणारा तांबूस, ग्लास तिरका धरलात तर कडेला हलकी हिरवट झाक दिसते, ती दिसली की मला फार बरं वाटतं कारण ती खऱ्या वयाची खूण. वास अक्रोड, भाजलेले बदाम, कॅरामल, सुकवलेली संत्र्याची साल. घोट गिळून झाला तरी चव तोंडात रेंगाळत राहते, आणि तरी जड वाटत नाही कारण मागे आंबटपणा असतो. मला स्वतःला विचाराल तर आनंदासाठी टॉनी, आणि थक्क व्हायचं असेल तर व्हिंटेज.

आता सर्व्ह करायचं, आणि खरा निर्णय इथेच होतो असं माझं मत आहे, कारण व्हिंटेज तुमच्याकडून काम करून घेते. न गाळता भरलेली असल्यामुळे बाटलीच्या एका बाजूला जाड गाळ धरलेला असतो. आडवी ठेवलेली बाटली निदान एक दिवस आधी, जमलं तर दोन-तीन दिवस आधी, हळूच उभी करायची म्हणजे गाळ तळाशी बसतो. मग बूच. तीस-चाळीस वर्षांचं बूच साध्या स्क्रूने ओढलं तर मधेच तुटतं, माझ्या हातात असं एकदा अर्धं आलं आणि अर्धं चुरा होऊन आत पडलं, ऐन पाहुणे बसलेले असताना, इतका जीव खालीवर झाला की काय सांगू. वाइनचं काही बिघडलं नाही, बारीक मलमलीतून गाळून घेतली, पण तेव्हापासून जुन्या बाटलीला मी दोन पात्यांचं ओपनर वापरतो, पाती बूच आणि काच यांच्या मधे डुलवत डुलवत सरकवायची आणि पिळत वर घ्यायचं, घाई अजिबात नाही. (पोर्तुगालमध्ये लोखंडी चिमटा लालभडक तापवून बाटलीच्या मानेला धरतात, मग तिथेच गार ओलं फडकं लावतात आणि काच बुचासकट सरळ रेषेत तुटते. बघायला जबरदस्त, पण शिकल्याशिवाय घरी करू नका.)

डिकँट करताना, म्हणजे गाळ मागे ठेवून वाइन दुसऱ्या भांड्यात (डिकँटरमध्ये) ओतताना, बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती किंवा मोबाइलचा टॉर्च ठेवा आणि एका धारेत, न थांबता, हात न हलवता ओता. आधी सगळं स्वच्छ जातं, मग मानेत धुरासारखी एक रेघ येते, तिच्यामागे काळे कण दिसतात, तिथे थांबायचं. तळाशी उरलेल्याचा मोह नको. वीस-पंचवीस वर्षांची असेल तर दोन-तीन तास डिकँटरमध्ये राहू द्या, पन्नाशीकडे गेलेली असेल तर अर्ध्या-एक तासातच प्यायला घ्या, फार जुनी वाइन हवेत पटकन विरते. तापमान १६ ते १८ अंश.

टॉनीला यातलं काहीच नको. गाळ पिंपातच मागे राहिलेला असतो, बूच बहुतेकदा डोक्याला टोपी असलेलं, हाताने निघतं. फ्रिजमधून काढा, थोडा वेळ बाहेर ठेवा, १२-१४ अंशांवर ओता. लोक ती रूम टेंपरेचरला देतात आणि मग नुसता गोडवा आणि अल्कोहोल नाकात जातं, ही एक चूक टाळली तरी निम्मं काम झालं. दोन्हीसाठी ग्लास मात्र चांगला घ्या, ते अंगठ्याएवढे लिकर ग्लास नकोत, साधा व्हाइट वाइनचा ग्लास एक तृतीयांशसुद्धा भरू नका, ६०-७५ मिली बास. म्हणजे एका बाटलीत दहा-बारा ग्लास, आणि म्हणूनच सुरुवातीला माणसं मोजायला सांगितलं.

कारण उघडल्यावर व्हिंटेज दोन दिवस, फार तर तीन. इतकी वर्षं हवा न बघितलेली वाइन हवेत टिकत नाही. टॉनीने आयुष्यभर हवा खाल्लेली असते, ती बूच लावून फ्रिजमध्ये महिनाभर, कधी दीड महिनाही आरामात चालते.

खरेदी करताना लेबल नीट वाचा. टॉनीवरचं २० म्हणजे आतला प्रत्येक थेंब वीस वर्षांचा असं नाही, वेगवेगळ्या वर्षांचं ब्लेंड असतं आणि सरकारी पोर्ट वाइन संस्थेचं पॅनल चाखून त्या वयाला शोभते का ते ठरवतं. १०, ३०, ४० चीही मिळते, पण १० ला खोली कमी वाटते आणि ४० कधीकधी फारच घट्ट, माझ्या मते २० ला तोल सगळ्यात छान. बाटलीत भरल्याचं वर्ष मागे लिहिलेलं असतं ते बघा, जितकं अलीकडचं तितकं बरं, टॉनी बाटलीत सुधारत नाही, साठवून काही मिळत नाही. आणि ती उभी ठेवायची. व्हिंटेज आडवी, अंधारात, एकसारख्या गारव्यात, आणि जुनी घेत असाल तर मानेतली पातळी बघा, खांद्याखाली उतरली असेल किंवा बुचाभोवती चिकट ओघळ असेल तर सोडून द्या.

मुलाच्या जन्मवर्षाची बाटली हवी आणि त्या वर्षी व्हिंटेज जाहीरच झाली नसेल तर कोल्येइता शोधा, ती एकाच वर्षाची टॉनी, किमान सात वर्षं पिंपात. आणि व्हिंटेजचा रुबाब आवडतो पण थांबायची तयारी नाही तर न गाळलेली एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे उशिरा बाटलीत भरलेली एकाच वर्षाची पोर्ट) घ्या, चार ते सहा वर्षं पिंपात काढून आलेली असते, डिकँट मात्र तीही करावी लागते.

सोबत काय द्यायचं तर व्हिंटेजला खारट निळं चीज, स्टिल्टनसारखं, किंवा नुसता डार्क चॉकलेटचा तुकडा. टॉनीला भाजलेले बदाम, सफरचंदाचा टार्ट, किंवा पोर्तुगालची ती अंड्याच्या कस्टर्डची पाश्तेल दे नाता, वरचा जळका डाग आणि वाइनमधलं कॅरामल एकमेकांना भेटतात तेव्हा बोलणं थांबतं. पहिला ग्लास मात्र काहीही न खाता घ्या, दोन्हींचा.